पुढं पाठवणारे डॉक्टर

आमच्या दुकानाच्या वर एक डॉक्टर बसायचे. ‘बसायचे’ हा शब्द तसा चुकीचा आहे, कारण ते कधीच बसत नसत. खुर्ची पेशंटला द्यायची आणि आपण खिडकीला टेकून उभं राहायचं, ही त्यांची रीत. नवीन माणूस जिना चढून, धापा टाकत आत आला की ते चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, “फेस येतो का?”

सर्दी झालेली असो नाहीतर पायात खिळा गेलेला असो, प्रश्न हाच. माणूस गोंधळायचा. एका बाईंना वाटलं, साबणाबद्दल विचारतायत. त्यांनी आपल्या घरी कुठली वडी असते तेही सांगून टाकलं. मग डॉक्टर खुलासा करायचे, आणि तो इतक्या खणखणीत आवाजात की जिन्यावर थांबलेल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. लघवीला फेस येतो का, आला तर लगेच मोडतो का तसाच राहतो. येतो म्हणणाऱ्याला ते बाटली द्यायचे आणि येत नाही म्हणणाऱ्यालाही बाटलीच द्यायचे. मग विचारता कशाला, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, विचारलं की माणूस घरी जाऊन एकदा बघतो तरी, नाहीतर जन्मभर वर छताकडे बघत उभे राहणारे लोक असतात.

ते मूळचे अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यातले. घरात कन्नड, दवाखान्यात मराठी आणि राग आला की दोन्हीची मिसळ. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा बुशशर्ट, आणि शर्टाच्या खिशात तपासणीच्या पट्ट्यांची डबी, त्यामुळे तो खिसा कायम फुगलेला. मला ते अक्का म्हणायचे. कन्नडमध्ये अक्का म्हणजे थोरली बहीण. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण नव्या पेठेतल्या झाडून सगळ्या बायका त्यांच्या अक्काच होत्या. आमच्या ह्यांना ते मालक म्हणायचे. आणि काहीही बिनसलं, लाईट गेली, कुणाची बाटली जिन्यात सांडली, की ते म्हणायचे, “होगली बिडी.” म्हणजे जाऊ द्या, सोडा. बाटली सांडलेला जिना मी धुवायची, त्यामुळे ते सोडणं त्यांना सोपं जायचं.

आमचं दुकान म्हणजे मॅचिंग सेंटर. बाई साडी घेऊन येते, आम्ही तिला त्या रंगाचं ब्लाउजपीस, अस्तर, फॉल काढून देतो. मी आणि आमचे हे, दोघं मिळून चालवायचो. ह्या धंद्यात सगळा खेळ उजेडाचा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग घरी नेला की दगा देतो, म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला पायरीवर आणून उन्हात रंग दाखवतो. डॉक्टरांच्या पट्ट्यांचंही तसंच होतं. लघवीत बुडवून काढली की पट्टीवरचा चौकोन रंग बदलतो. पिवळा राहिला तर चिंता नाही. हिरवट झाला तर अंगातली प्रथिनं गळून बाहेर चाललीयत, आणि जितका हिरवा गडद तितकी गळती जास्त. डबीवर छापलेल्या रंगांशी तो जुळवायचा असतो. वरच्या खोलीत उजेड कमी, म्हणून डॉक्टर ओली पट्टी चिमटीत धरून लगबगीनं जिना उतरायचे आणि आमच्या पायरीवर, लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायकांच्या मधोमध उभे राहून डबीवर रंग जुळवायचे.

मी आधी आधी तोंड फिरवून घ्यायची. बोहनीच्या वेळेला काय हे, असं ह्यांच्याकडे पुटपुटायची. पण रंग जुळवण्याची सवय वाईट असते. एकदा डॉक्टर दोन हिरव्यांच्या मध्ये अडकले, डबी फिरवून फिरवून बघायला लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “पिस्ता आहे हो, पोपटी नाही.”

डॉक्टरांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लहान मुलासारखे हसले. त्या दिवसापासून आमच्या दुकानातली नावं वर दवाखान्यात गेली. पिवळा तो लिंबू. किंचित हिरवट तो पिस्ता. त्यानंतरचा पोपटी. आणि निळी झाक असलेला गडद तो मोरपंखी. वरून जिन्यात हाक यायची, “अक्का, पोपटी हाय का बघा.” गिऱ्हाइकाला वाटायचं, डॉक्टर घरच्यांसाठी कापड घेतायत.

एवढं ह्या एकाच गोष्टीचं वेड त्यांना का, ह्यावर पेठेत बऱ्याच कथा होत्या. कुणी म्हणे त्यांचे वडील त्यानं गेले, कुणी म्हणे बायको. वडील म्हातारपणानं गेले होते आणि बायको चांगली ठणठणीत, रोज महादेवाला जाऊन येत होती. मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, “दात दुखला की बोंबलतो. पोट बोंबलतं. गुडघा तर शेजाऱ्याला ऐकू जाईल असा बोंबलतो. ही दोन मुकाट्यानं काम करतात, अक्का. अर्धी मेली तरी सांगत न्हाईत. मग कुणीतरी जाऊन विचारायला नको का?” ही दोन म्हणजे किडन्या. पण तो शब्द ते तोंडातून काढत नसत. किडनी म्हटलं की लोकांना त्यापुढचं ‘फेल’ आपोआप ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. ते चाळण म्हणायचे. तुमची चाळण बघू, चाळणीला जरा भोकं मोठी पडलीयत, असं.

चाळणीचं लोकांनी मानलं. अडचण झाली ती दुसऱ्याच शब्दाची. आमच्याकडे तालुक्याच्या डॉक्टरनं हात टेकले की तो म्हणतो, पुढं न्या. पुढं म्हणजे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, तज्ज्ञाकडे. जीपमध्ये आडवा घालून माणूस आणतात, तेव्हा बरोबरच्या बायका गाडीतच रडायला लागलेल्या असतात. ‘त्याला पुढं नेलंय’ असा निरोप आला की पाहुणे जास्त विचारत नाहीत, कपडे बदलून निघतात. मेलेल्या माणसालाही आपण पुढं गेला असंच म्हणतो. अशा मुलखात आमचे हे डॉक्टर, खोकल्याच्या औषधाला आलेल्या, स्वतःच्या पायांनी जिना चढलेल्या माणसाला त्याच शब्दात सांगायचे, “सगळं ठीक हाय. फक्त एकदा पुढं जाऊन या.”

लोक वर पायांनी जायचे आणि खाली रडत यायचे. सराफाच्या सुनेला मी आमच्या स्टुलावर बसवून पाणी पाजलंय. कुणी शिव्या देत उतरायचं. मी डॉक्टरांना सांगितलं, तुम्ही दुसरा शब्द वापरा, मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणा, सल्ला घ्या म्हणा. त्यांनी ऐकलं नाही. शब्द बदलला तर भीती त्या नव्या शब्दात जाऊन बसेल, म्हणाले. ह्याच शब्दातली काढली पाहिजे.

ती काढली करकंबच्या एका म्हाताऱ्यानं. ऊसवाला, धोतर-टोपीतला, नातीच्या लग्नाच्या बस्त्याला पेठेत आला होता. ऊन लागलं म्हणून त्याला वर नेलं, तर बाटली, पट्टी, पिस्ता, आणि पुढं जाऊन या. म्हातारा सरळ गावी गेला, सगळ्या लेकींना बोलावून घेतलं, पुरणपोळ्या करायला लावल्या, बैल कुणी सांभाळायचे ते सांगितलं आणि कॉटवर पडून वाट बघायला लागला. बरेच दिवस झाले, मरण काही येईना. लेकींच्या सासरहून फोन सुरू झाले. तेव्हा म्हातारा चिडून परत आमच्या जिन्याशी आला. कधी मरायचंय तेवढं सांगा, पोरी सासरी जायच्यात, असं त्यानं डॉक्टरांना खालूनच ओरडून विचारलं.

डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्याला रिक्षात घालून स्वतः मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या किडनीच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, रक्तदाबाची एक गोळी लिहून दिली आणि वर्षानं या म्हणून सांगितलं. संध्याकाळी म्हातारा आमच्या दुकानात आला तो आधीपेक्षा जास्त तापलेला. “मीठ कमी करा म्हनला,” तो मला म्हणाला. “आवं, एवढ्यासाठी पुढं?” मागं डॉक्टर उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, इतकं त्यांना हसू येत होतं. “एवढ्यासाठीच पुढं,” ते म्हणाले.

ती गोष्ट करकंबपासून पेठेपर्यंत सगळीकडे झाली. म्हातारा दरवर्षी गुळाची ढेप घेऊन यायचा आणि आपण पुढं जाऊन परत आल्याचं दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगायचा. हळूहळू शब्दाची धार गेली. बायका दळण आणायला निघाल्यासारख्या म्हणायला लागल्या, जरा पुढं जाऊन येते. डॉक्टर चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लिहायचे. एकदा तिकडच्या किडनीच्या डॉक्टरांचा फोन आला की सर, तुमच्या चिठ्ठीवर पिस्ता लिहिलंय, हे औषध आहे का आजार. आमच्या डॉक्टरांनी त्यांना मॅचिंग सेंटरची सगळी शेडबुक फोनवर समजावून सांगितली.

मग माझीच पट्टी पिस्ता निघाली. डॉक्टर म्हणाले, मला त्या फोनवाल्या डॉक्टरांना भेटायचंच आहे, मीही येतो. आम्ही दोघं रिक्षानं गेलो.

तिथल्या बाकांवर अर्धी नवी पेठ बसली होती. सराफाची सून, वह्यावाले, भांडेवाल्यांच्या दोघी जावा. डबे उघडलेले, कडक भाकरी, शेंगाचटणी, हसणं-खिदळणं. गड्ड्याच्या जत्रेला आल्यासारखी माणसं. डॉक्टरांना बघून सगळे उठले, नमस्कार-चमत्कार झाले. डॉक्टरांची छाती फुगली होती, मला दिसलं ते. एवढी धडधाकट माणसं किडनीच्या डॉक्टरच्या दारात हसत बसलीयत, हे त्यांनी घडवलं होतं.

आणि मग त्यांना कोपऱ्यातली बाई दिसली. भिंतीला टेकून खाली बसली होती. तोंड सुजलेलं, पायांची कातडी ताणून चकाकत होती, श्वास मोजून मापून घेत होती. शेजारी नवरा, कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात कामाला. डॉक्टर त्याच्यापाशी उकिडवे बसले. नंबर कितवा, कधीपासून थांबलायत, विचारलं. तो माणूस तक्रारीच्या सुरात बोलला नाही, गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं बोलला. “मागच्या खेपेलाबी आलतो. हितं गर्दी लई असतीय. नंबर लागंपतुर गाडीची वेळ झाली, म्हून परत गेलो.”

डॉक्टर उठले. त्यांनी बाकांकडे बघितलं. भाकरी खाणाऱ्या, त्यांनीच पाठवलेल्या त्या सगळ्या माणसांकडे ते बराच वेळ बघत राहिले. माझा नंबर पहिल्या दहांत होता. माझ्या हातातली नंबराची चिठ्ठी न विचारता घेऊन त्यांनी त्या नवऱ्याच्या हातात दिली. बाईला आत नेलं ते परत बाहेर आणलंच नाही, तसंच वरच्या वॉर्डात नेलं. तिचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. डॉक्टरांनी चौकशी केली असणार, पण मला कधी सांगितलं नाही.

सगळ्यांत शेवटी आम्ही आत गेलो. किडनीचे डॉक्टर तरुण होते, मला मिठाचंच सांगून डॉक्टरांशी अदबीनं बोलले. सर, तुमची माणसं लवकर येतात ह्याचा मला आनंद आहे, म्हणाले. पण पिस्ता असलेल्यांना मी जे सांगतो ते तुम्हीही सांगू शकता. मीठ, गोळी, तीन महिन्यांनी परत तपासणी. पोपटी असेल तर मला फोन करा, आपण दोघं ठरवू. मोरपंखी मात्र एक तासही ठेवू नका. त्यांनी आमचे रंग पाठ केले होते.

आमच्या जिन्याशी परत आल्यावर डॉक्टर कठड्याला हात लावून थांबले. “लोकांना पुढं पाठवतो म्हणत होतो, अक्का,” ते म्हणाले. “मी पुढची वाटच अडवून बसलो की.”

मी होगली बिडी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. पिस्ता इथंच. तीन महिन्यांनी परत यायचं, पुन्हा बाटली, पुन्हा पट्टी, वाढलं तर पुढं. नियम शहाणपणाचा होता, आजही मी तेच म्हणते. पण पेठेनं त्याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. इतकी वर्षं जो तो पुढं जात होता. आता ज्याला पुढं पाठवलं नाही तो सुटला, असं लोकांनी धरलं. मला न्हाय पाठवलं पुढं, असं माणसं कॉलर ताठ करून सांगायला लागली. डॉक्टर जिन्यातून ओरडायचे, “पास न्हाय केलं तुला, वर्गात ठेवलंय. परत यायचंय.” माणूस खालून हात हलवायचा आणि जायचा तो जायचाच.

आमचे हे त्यातलेच. रक्तदाब होता, साखर होती, गुडघे दुखायचे म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळ्या आणून खायचे. जेवणात पापड पाहिजे, लोणचं पाहिजे, शेंगाचटणीवर वरून मीठ पाहिजे. डॉक्टरांनी एकदा हाताला धरून वर नेलं. पट्टी घेऊन ते पायरीवर आले आणि मी बघितलं, पिस्ता होता. डॉक्टरांनी ह्यांना माझ्या देखत सांगितलं, “मालक, पुढं जायची गरज न्हाय आत्ता. त्या दुखण्याच्या गोळ्या बंद, मीठ कमी, आन तीन महिन्यानं वर या.” ह्यांनी मान डोलावली. डॉक्टर वर गेले आणि हे कोपऱ्यावर जाऊन गरम भजी घेऊन आले. पुढं नको म्हणाले, असं म्हणत दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनाही त्यांनी भजी वाटली.

तीन महिने झाले. डॉक्टर चहाच्या वेळेला खाली यायचे, हातात रिकामी बाटली. मालक, आज? हे म्हणायचे, सीझन होऊ दे. लग्नसराई झाली, मग पंचमी, मग दिवाळी. दोघांचा लपंडाव चालायचा. जिन्यात चपलेचा आवाज आला की हे अस्तराच्या गठ्ठ्यांमागं बसायचे आणि मला खुणेनं नाही म्हणायला सांगायचे. मी नाही म्हणायची नाही, गठ्ठ्याकडे बोट दाखवायची. डॉक्टर गठ्ठ्याला हात जोडून म्हणायचे, “मालक, बाहेर या, चाळण बघू.” सगळं दुकान हसायचं. हेही आतून हसायचे. आम्ही इतके हसलोय त्यावर की आता अस्तराचा गठ्ठा काढताना मी त्याच्यामागं बघत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर न्हाणीघरात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. मुलगी हुबळीला असते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. दवाखाना बंद राहिला. आता चहाच्या वेळेला बाटली घेऊन कुणी येईना. ह्यांना मोकळं वाटलं असणार. मी गोळ्यांवरून, मिठावरून भांडायची, पण माझं भांडण त्यांना रोजचंच. जेवण कमी झालं तर म्हणाले उन्हाळा आहे. खाज सुटली तर म्हणाले घामोळं.

पावसाळा संपता संपता डॉक्टर परत आले, काठी टेकत. आधी वर गेले नाहीत, आमच्या दुकानातच आले. मालक म्हणून हाक मारली. हे गठ्ठ्यामागून नाही, खुर्चीतूनच वळले, कारण उठणं त्यांना जड जात होतं. डॉक्टरांनी ह्यांच्या डोळ्यांखालची सूज बघितली. फेस येतो का, हा त्यांचा प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही. पट्टी मात्र केली. ती घेऊन पायरीवर आले, आणि मी डबीकडे बघायच्या आधीच मला कळलं. आमच्याकडे पैठणीच्या काठाला जो मोरपंखी लागतो, अगदी तो.

डॉक्टर म्हणाले, “अक्का, मालकांना पुढं न्यावं लागंल.”

इतकी वर्षं खपून त्यांनी त्या शब्दातली भीती काढली होती. ती सगळीच्या सगळी परत आली. ह्यांनाही कळलं. त्यांनी गल्ल्याची किल्ली कमरेची काढून माझ्या हातात दिली.

डायलिसिसच्या मशीनवर काही महिने काढले ह्यांनी. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी रिक्षा, तोच दवाखाना, तेच बाक. किडनीचे तरुण डॉक्टर मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, सरांचं काही चुकलं नाही. तेव्हा माझ्याकडे आले असते तरी मी तेच सांगितलं असतं. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. संक्रांतीच्या आधी हे गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी जिना चढून वर गेले. पेशंट होते, तरी गेले. डॉक्टर खिडकीला टेकून उभे होते, काठी हातात. मनात होतं ते मी बोलले. “त्या कुर्डुवाडीच्या बाईला जागा दिलीत ना, ती माझ्या माणसाची दिलीत,” मी म्हणाले. अन्याय होता तो, मला बोलतानाच कळत होतं. रोज बाटली घेऊन खाली कोण यायचं, ते मला ठाऊक नव्हतं का? डॉक्टर “व्हय अक्का,” एवढंच म्हणाले. होगली बिडी म्हणतील असं मला वाटलं होतं, म्हणाले असते तर मी आणखी बोलले असते.

त्यानंतर ते पायरीवर यायचे बंद झाले. पट्टी वरच्याच खिडकीत, अर्ध्या उजेडात जुळवायचे. मी खालून बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची. असे किती दिवस गेले असतील. मग एका दुपारी ते गिऱ्हाईक होऊन आले. कापडाच्या दुकानात कुणी चपला काढत नाही, त्यांनी पायरीखाली काढल्या. म्हणाले, पिस्ता रंगाचं अस्तर द्या अर्धा मीटर.

कशाला, मी विचारलं.

“परत ये म्हटलेलं कुणाला ऐकूच येत न्हाय, अक्का. पुढं नको, तेवढंच ऐकू येतं,” ते म्हणाले. “हातात काहीतरी द्यावं म्हणतो.”

मी तागा काढला. त्यांच्या मनात असं होतं की पिस्ता निघालेल्या प्रत्येकाला कापडाची एक अरुंद पट्टी द्यायची. त्यानं ती किल्ल्यांना बांधावी, डब्याला बांधावी, गाडीच्या हँडलला बांधावी. तीन महिन्यांनी ती घेऊन परत यायचं. मी कापायला घेतलं आणि पहिल्याच पट्टीला मला रडू फुटलं. डॉक्टरांवरचा राग नव्हता तो. मला ह्यांचा राग आला होता. एक मजला चढायचा होता हो फक्त. रोज त्याच जिन्याखाली बसून भजी खाल्ली आणि एक मजला चढवला नाही ह्या माणसाला. डॉक्टर काउंटरला धरून उभे राहिले आणि मी रडत रडत अख्खा अर्धा मीटर कापून काढलं.

मग तीच रीत पडली. डॉक्टर वरून हाक द्यायचे, अक्का, पिस्ता द्या ह्यांना. माणूस खाली यायचा, मी पट्टी बांधून द्यायची आणि सांगायची, परत आणून दाखवायची, हरवली म्हणालास तर बघ. नाही आला तर मी फोन करायची. डॉक्टरांच्या ओरडण्याला पेठ कधी भ्यायली नव्हती, मला भ्यायची. सराफाच्या सुनेच्या किल्ल्यांच्या चांदीच्या जुडग्याला अजून ती पट्टी आहे, विटलीय, पण आहे. पट्टी घेऊन माणूस आला की मी त्याला नुसतं जिन्याकडे बोट दाखवायची, आणि तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत बघत उभी राहायची.

डॉक्टर थकत गेले. चढणं होईना तेव्हा मुलगी कायमचं न्यायला आली. दवाखाना एका नवीन डॉक्टरीणबाईंनी घेतला, चांगल्या आहेत. जायच्या दिवशी डॉक्टर रिक्षातून उतरून दुकानात आले आणि काठी काउंटरवर ठेवली. म्हणाले, मलाही बांधा एक. तुमचा रंग कुठला, मी विचारलं. म्हातारपणी सगळे पिस्ताच की, म्हणाले. मी काठीच्या मुठीला पट्टी बांधली, दोन गाठी मारल्या आणि सगळ्यांना सांगते तेच त्यांना सांगितलं, की तीन महिन्यांनी परत आणून दाखवायची. ते कन्नडमध्ये “आयतु” म्हणाले, म्हणजे बरं. निघताना जिन्याच्या कठड्याला त्यांनी एकदा हात लावला.

तीन महिने व्हायला अजून थोडे दिवस होते. मी एका गिऱ्हाइकाला पायरीवर उन्हात रंग दाखवत होते तेव्हा फोन वाजला. हुबळीहून त्यांची मुलगी होती. इथंच शिकलेली, आपल्यासारखंच बोलणारी. म्हणाली, “अक्का, अप्पा पुढं गेले.”

मी म्हटलं, “बरं केलंत, वेळेवर नेलंत. कुठल्या दवाखान्यात?”

तिकडून रडणं ऐकू आलं, आणि हातातलं कापड तसंच धरून मी पायरीवर खाली बसले.